मंगळावरची धूळ आणि ह्यांचे डोळे

लग्न होऊन लातूरहून नांदेडला आले तेव्हा माझी पक्की समजूत होती की फोटोग्राफरच्या बायकोचा रोज फोटो निघतो. सकाळी न्हाऊन आलं की एक, संध्याकाळी वेणीफणी झाली की एक. त्या समजुतीवर मी आईशी भांडून जास्तीच्या साड्या ट्रंकेत कोंबल्या होत्या. ह्यांनी वर्षभरात माझा एक फोटो काढला. नवा दिवा आणला होता, त्याचा उजेड कसा पडतो ते बघायला. "गिऱ्हाईक यायच्या आत जरा बस तिथं," म्हणाले. मी बसले. अशी बसले की महाराणीनं बघून शिकावं. फोटो धुऊन आला, तर त्यात दिवा चांगला आला होता.

नात मला विचारते, "आजी, तू तरुणपणी पण अशीच होतीस का गं?" मी सांगते, याहून वाईट होते. तेव्हा तर मला ते माहीतही नव्हतं.

खरं म्हणजे ह्यांनी माझा सगळ्यात चांगला फोटो लग्नाआधी काढला, आणि तोही दुसऱ्याच स्थळासाठी. तेव्हा हे लातूरच्या एका स्टुडिओत कामाला होते. माझ्या वडलांचं डाळीचं दुकान. औशाचं एक स्थळ आलं होतं, त्यांना पाठवायला फोटो पाहिजे म्हणून वडील मला तिथं घेऊन गेले. दोन दिवसांनी निरोप आला, निगेटिव्ह खराब झाली, पुन्हा या. पुन्हा गेलो. पुन्हा खराब झाली. वडील वैतागले, "हे पोरगं कामात कच्चं दिसतंय." आई म्हणाली, "कच्चं न्हाई, लई पक्कं हाय." औशाला तो फोटो कधी पोचलाच नाही. मी मात्र पुढं कितीतरी दिवस समजत होते की आपला चेहराच असा आहे, निगेटिव्हला सोसत नाही.

मग नांदेडला आम्ही आमचा स्टुडिओ टाकला. फोटो काळेपांढरे आणि लोकांना हवे असत रंगीत, म्हणून वरून हातानं रंग भरायचे. ते काम मी शिकले. बारीक ब्रश, पाण्यात कालवलेले रंग, कापसाचा बोळा. शिकले म्हणजे काय, मला एकच गुलाबी जमायचा. तो मी गालांना लावायचे, ओठांना लावायचे, शालूच्या काठाला लावायचे. जिल्ह्यातल्या त्या सालच्या सगळ्या नवऱ्या एका आईच्या पोटच्या दिसायच्या. एका माणसानं आपल्या बैलाचा फोटो रंगवायला दिला. मी सवयीनं बैलाच्याही ओठांना गुलाबी लावला. तो माणूस फोटो धरून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, बैल माझाच हाय. पण असं वाटायलंय की ह्याला बघायला पाहुणे येणार हायत."

अशा दुकानात आमची एकुलती एक मुलगी वाढली. ती तिच्या बापासारखी निघाली, हे माझ्यावर देवाचे उपकार. अकरावी-बारावीला लातूरला, माझ्या भावाकडं राहून क्लास केले, मग इंजिनिअरिंग, मग अजून पुढचं काहीतरी, आणि शेवटी दक्षिणेकडं एका अंतराळ संस्थेत लागली. मंगळाभोवती एक यान फिरतं, त्यावर कॅमेरा आहे, आणि त्या कॅमेऱ्यातून मंगळाच्या जमिनीचे फोटो घेणाऱ्या मंडळींत आमची मुलगी आहे. तिच्यासाठी स्थळं बघत होतो तेव्हा एका पाहुणीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मुलीला मंगळ आहे का हो?" मी म्हणाले, "पत्रिकेत नाही, नोकरीत आहे." ते स्थळ गेलं. गेलं ते बरंच झालं.

नोकरी लागल्यानंतरच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा ह्यांनी तिची चौकशी केली. बाप म्हणून नाही, धंद्यातला माणूस म्हणून.

"कॅमेरा उभा कुठं करता?"

"उभा नाही करत, अप्पा. यानात बसवलेला असतो. यान फिरत असतं."

"फिरता फिरता फोटो? मग हलत न्हाई का?"

ह्या माणसानं जन्मभर लोकांना एकच गोष्ट सांगितली होती, हलू नका. रडक्या पोरांना, घामेजलेल्या नवरदेवांना, एकदा तर एका पुढाऱ्याला. मुलगी हसली. कोपऱ्यातली शिराई उचलली (आमच्याकडं केरसुणीला शिराई म्हणतात) आणि फरशीवरून सरळ ओढत गेली.

"असा. एका वेळी एकच आडवी रेघ बघतो. यान पुढं सरकलं की पुढची रेघ. रेघेला रेघ लागत जाते अन् लांबच्या लांब पट्टा तयार होतो."

"म्हणजे झाडत जातो म्हण की," मी म्हणाले.

"हाव, आई. झाडत जातो."

"मग मंगळ एवढा धुळीचा कसा?"

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी फराळाचं बघायला आत गेले. पण कान बाहेरच होते. ती सांगत होती, रंगीत फोटो असा एकदम येत नाही, वेगवेगळ्या काचांमधून काळेपांढरेच येतात आणि मग इथं ते एकावर एक ठेवून रंग आणायचा. मी झाऱ्यासकट बाहेर आले. "म्हणजे तू पण रंगच भरतेस की गं घरी बसून!"

"भरते. पण बैलाला लिपस्टिक नाही लावत."

तिनं लॅपटॉपवर एक फोटो दाखवला. तो तिचा नव्हता, दुसऱ्या कुणीतरी निवडलेल्या जागेचा होता. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला लागेल इतक्या जवळून तो बघितला आणि म्हणाले, "काळा चांगला आलाय." ह्यांच्या तोंडून याच्यावरची तारीफ नाही. माझ्या वाट्याला ती कधी आली नाही.

नंतर बरीच वर्षं ती दुसऱ्यांनी निवडलेल्या जागांवर काम करत राहिली. कुठली जागा टिपायची ते आधी ठरवावं लागतं म्हणे. यान आपल्या वाटेनं जाणार, ते म्हणाल तिथं वळत नाही. ते जेव्हा त्या जागेवरून जाईल, तिथं ऊन असेल, हवा स्वच्छ असेल, तेव्हाच फोटो. त्यामुळं जागा मागणारे पुष्कळ आणि मिळणारे थोडे. एकदा तिचा फोन आला तो ओरडतच. तिनं मागितलेली जागा मंजूर झाली होती.

"कसली जागा आहे?" ह्यांनी विचारलं.

"जुनी नदी आहे, अप्पा. आता पाणी नाही, फार फार पूर्वी असेल. वळणं घेत येते अन् एका मोठ्या खड्ड्यात उतरते. जिथं उतरते तिथं गाळ पसरला असावा असं मला वाटतं. आत्तापर्यंतचे फोटो लांबून घेतलेले, पुसट आहेत. नदी नक्की आहे का नुसती भेग, तेच यातून कळेल."

"कोरडी नदी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं," मी म्हणाले, "उन्हाळ्यात लातूरला ये, मी दाखवते मांजरा."

पण हे वेगळ्याच विचारात. हे मूळचे धर्माबादकडचे, गोदावरीच्या काठचे. पूर ओसरला की मागं राहणाऱ्या गाळात पेरणी करणाऱ्या घरातले. म्हणाले, "गाळ आहे म्हणजे जागा पेरणीची आहे."

"पहिला फोटो तुम्ही बघायचा, अप्पा. माझ्या साहेबांच्याही आधी."

"हाव. मी बघतो न् सांगतो, नदी हाय का भेग."

त्यात ह्यांना काय सांगता येणार होतं! पण बापलेकीचं ठरलं.

आता डोळ्यांचं सांगते.

मोबाईल आले आणि स्टुडिओ बसला, तरी हे पासपोर्ट फोटोपुरतं दुकान उघडत होते. एक बाई परत आली. फोटोत तिचा एक कान नव्हता. मग एकाचा खांदा नव्हता. मग ह्यांनी दिव्याचं स्टँड पाडलं, तेही वर्षानुवर्षं एकाच जागी उभं असलेलं. सकाळी पूजेला बसायचे तेव्हा तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यावर नजर लावायची असते. हे तळहात जरा डावीकडं न्यायचे, जरा उजवीकडं. मला वाटलं, भक्तीत डोलायलेत. मी शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मग सगळ्यांनी मिळून निदान केलं, मोतीबिंदू. आणि मोतीबिंदू म्हटलं की आमच्याकडं पुढचं वाक्य ठरलेलं, पिकू द्या. कच्चा काढायचा नसतो, पिकला की अलगद निघतो. ह्यांच्या धर्माबादच्या थोरल्या बहिणीनं तसंच केलं होतं आणि त्यांना पुन्हा सुईत दोरा ओवता यायला लागला होता. त्यामुळं ह्यांना घाई नव्हती. आंब्याची पेंढ्यात अढी घालतात तशी आम्ही डोळ्यांची अढी घातली. मी रोज सकाळी विचारायचे, "काय हो, पिकला का?" हे म्हणायचे, "अजून जरा आंबट हाय." आणि आम्ही दोघंही हसायचो. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तो काही केल्या जात नाही.

जागा मंजूर झाली त्या वर्षी मुलगी दिवाळीला आली. ताटात डाव्या बाजूला लिंबाची फोड आणि लोणचं वाढलं होतं. ह्यांनी विचारलं, "लिंबू नाही का गं आज?" मुलीनं ती फोड उचलून ह्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी गाडी काढून आम्हाला लातूरला घेऊन गेली. तिच्या क्लासमधली एक मैत्रीण तिथं डोळ्यांची डॉक्टर झाली आहे. त्या पोरीनं यंत्रावर ह्यांची हनुवटी ठेवून घेतली, हवेची फुंकर मारली, ठिपके दाखवून बटण दाबायला लावलं. फार वेळ लागला. मग खुर्ची ह्यांच्या अगदी समोर ओढून बसली.

"काका, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे."

"काच का असंना," हे म्हणाले, "पिकला का पण?"

ती पोर माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याकडं. मग तिनं समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत दाब वाढतो, मागची शीर सुकत जाते, आधी कडेचं दिसणं जातं आणि कडा आत आत येत राहतात. हा पिकत नाही. ह्याच्यात जे गेलं ते परत येत नाही. डावा डोळा गेलाच होता. उजव्यात नळीतून बघावं तेवढं उरलं होतं. थेंब घाला, दाब खाली ठेवू, उरलेलं जितकं टिकेल तितकं टिकवू.

हे सगळं ऐकून ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?" आणि तो प्रश्न कशासाठी आहे हे खोलीत आम्हा तिघांना माहीत होतं. मुलीची जागा पुढच्या काही महिन्यांत टिपली जाणार होती. डॉक्टरीण म्हणाली, सांगता येत नाही, काका.

परतताना अहमदपूरच्या पुढं मुलीनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. हे मागच्या सीटवरून म्हणाले, "बेटा, टायर पंक्चर झालं का?" ह्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. मुद्दाम विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "अप्पा, थेंब चुकवायचे नाहीत. मी फोटो आणते."

"तू आण. मी राखतो."

असा करार झाला. त्यानंतर आमच्या घरात घड्याळ थेंबांचं. मी ह्यांची मान मागं करायचे, पापणी वर धरायचे आणि सांगायचे, "हलू नका." हे म्हणायचे, "जन्मभराचा सूड उगवायलीस." पहिला थेंब मी हमखास गालावर पाडायचे. ज्या हातानं बैलाचे ओठ रंगवले, त्या हाताला बाटली धरता येत नव्हती.

आणि मंगळावर वादळ उठलं.

खरंच उठलं. तिकडं धुळीचं वादळ उठलं की आपल्यासारखं तासा-दोन तासांत बसत नाही. कधी कधी सगळा ग्रह झाकून टाकतं. यान वरून फिरतंय, कॅमेरा शाबूत आहे, सगळं आहे, पण खाली बघावं तर जमिनीचा पत्ता नाही. मुलीनं एक फोटो पाठवला होता. दह्यात बोट फिरवावं तसं दिसत होतं, दुसरं काही नाही. तिचा रोज फोन यायचा आणि ह्यांचा पहिला प्रश्न, "धूळ बसली का?"

"नाही, अप्पा. तुमचा डोळा कसा आहे?"

"मस्त हाय."

मी लातूरचा पाऊस विचारावा तसं मंगळाचं हवामान विचारायला लागले. शेजारणीला सांगायचे, "आज तिकडं जरा उघडल्यासारखं वाटायलंय." तिला वाटायचं, मुलीच्या गावाचं बोलतेय.

"मस्त हाय" हे खोटं आहे हे मला फार उशिरा कळलं. तेही चेष्टेतून. हे रोज सकाळी खिडकीशी पेपर घेऊन बसायचे. डोकं हलवायचे, पान उलटायचे, मध्येच "हं" म्हणायचे. एके दिवशी माझ्या अंगात आलं. रद्दीतला मागच्या आठवड्याचा पेपर घडी घालून हातात दिला. म्हटलं, बघू किती वेळात पकडतात. हे बसले. पान उलटलं. "हं" म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसू दाबतेय. मुरमुऱ्यांची सुशीला झाली, बशीत घालून आणली, तरी वाचन चालूच. शेवटी पेपरची नीट घडी घातली, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आज काही विशेष न्हाई."

माझ्या हातातली बशी मी तशीच धरून उभी राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

ह्यांनी पेपरची घडी पुन्हा एकदा दाबली. मग म्हणाले, "खिडकी कळते. तू आडवी आलीस तर तू कळतीस." मग लगेच, "तिला सांगू नको. तिकडं तिच्या कामात लक्ष राहणार न्हाई. आधीच ती धूळ."

मी सांगितलं नाही. थेंब चालू ठेवले. आता ते कशासाठी, हे मी विचारलं नाही आणि ह्यांनीही सांगितलं नाही. पेपरही चालू राहिला. तेवढा मी ताजा द्यायला लागले.

पावसाळा संपता संपता तिकडची धूळ बसली. यानाची वाट पुन्हा तिच्या जागेवरून जायची होती, हवा स्वच्छ होती, ऊनही पडलेलं होतं. एका दुपारी फोन आला. "आई, आला! फाईल पाठवलीय. अजून कुणाला दाखवला नाही. मी काही सांगत नाही, आधी अप्पांना बघू दे. मोबाईलवर नको, मोठा प्रिंट काढून आण, त्यांना सोपं जाईल. मी संध्याकाळी फोन करते."

मी रिक्षा करून लॅबमध्ये गेले. आमच्याच धंद्यातला, ह्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस. त्यानं सगळ्यात मोठा, चकचकीत कागद लावला. प्रिंट बाहेर येत होता आणि मला काही समजत नव्हतं. करडं, तपकिरी, मध्ये काळ्या सावल्या. "बाई, ह्याची वरची बाजू कोणती?" त्यानं विचारलं. मला काय ठाऊक! माणसाच्या फोटोला डोकं असतं. मी म्हणाले, "आला तसा असू दे."

घरी टेबल पुसलं, प्रिंट पसरला, ह्यांना खुर्चीत बसवलं. "सांग," हे म्हणाले.

मी सांगायला लागले. आणि सांगता सांगता माझा जीव खाली खाली जायला लागला. नदी नव्हती. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नदी नव्हतीच. एक लांबलचक बांध होता, शेताच्या कडेला घालतात तसा, जमिनीपासून वर आलेला, वळणं घेत गेलेला. सगळीकडं गोल गोल टेकड्या, उलट्या ठेवलेल्या वाट्यांसारख्या. जिथं मोठा खड्डा म्हणत होती, तिथं मोठा डोंगर.

"नदी?" ह्यांनी विचारलं.

मी ह्यांचं बोट हातात घेतलं आणि कागदावरून त्या बांधावरनं फिरवलं. "असं काहीतरी आहे. पण वर आलेलं आहे हो. बांधासारखं."

"नीट बघ."

"बघितलं."

"म्हणजे तिची नदी निघाली न्हाई." हे खुर्चीत मागं टेकले. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या जागांवर राबून पोरीनं एक जागा मागितली, आणि ती चुकली. तिला ते माहीत असणार, म्हणूनच काही सांगितलं नाही, असं आम्ही दोघं धरून चाललो. फोनची वाट बघत बसलो. मयताच्या घरी बसावं तसे. हे मध्येच म्हणाले, "तू काही बोलू नको. मी बोलतो."

फोन आला. मी स्पीकर लावला.

"अप्पा! बघितलं?"

"बघितलं बेटा. लई छान आलाय." आवाज असा, जसा एखाद्या काळ्यासावळ्या नवरीच्या आईला धीर द्यावा.

"नदी दिसली?"

"दिसली की."

"कुठून येते सांगा बरं."

ह्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मी म्हणाले, "वरून येते."

"तुला नाही, आई. अप्पांना विचारतेय."

ह्यांनी टेबलावरचा हात उचलून पुन्हा ठेवला. मग जे खरं होतं ते एका दमात निघालं, "बेटा, मला तुझ्या आईनं बांध दाखवला."

तिला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. बापाला दिसत नाही ही, आणि आईला दिसून कळत नाही ही. मला तिचा श्वास ऐकू येत होता. ह्यांनाही येत असणार. मग फार हळू ती म्हणाली, "आई, कागद फिरव. खालची बाजू वर कर."

मी कागद फिरवला.

कसं सांगू! बांध खाली बसला. माझ्या डोळ्यांदेखत, काही न हलता, सगळ्या टेकड्या आत गेल्या आणि वाट्या सुलट्या झाल्या. तो डोंगर खोल खड्डा झाला. आणि मधून नदी. दोन्ही काठ, वळणं, सगळं. जिथं ती खड्ड्यात उतरत होती तिथं पंख्यासारखा पसरलेला गाळ.

"अहो!" मी ओरडले.

"काय? काय झालं?" हे अर्धे उठले.

"नदी आहे! नदी आहे हो!"

मुलगी रडत रडत सांगत होती, ऊन खालच्या अंगानं आलं होतं, आई, आपल्या डोळ्यांना उजेड वरूनच येतो अशी सवय असते, कागद उलटा धरला की खड्डे टेकड्या दिसतात. मी उभ्या आयुष्यात दिव्याखाली बसले ती वरच्याच दिव्याखाली, मला कुठून कळणार. पण मी ऐकत नव्हते. मी ह्यांच्याकडं बघत होते. आत्ता घडलं ते ह्यांना दाखवायचं होतं, आणि ते सांगून दाखवता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, "असं झालं, की ते... आत गेलं. सगळं आत गेलं."

"बोट धर," हे म्हणाले.

मी पुन्हा बोट धरलं. कागद तोच, तसाच गुळगुळीत. वळणावळणानं नेलं. आता हे डोळे मिटून होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, "हाव बेटा. उतार लागायलाय हाताला." चकचकीत कागदावर कसला उतार. मुलगी तिकडून म्हणाली, "लागतोय ना, अप्पा?"

गाळापाशी मी थांबले. ह्यांनी तिथं पूर्ण तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग बोट पुन्हा पुढं न्यायला लागले, आता माझा हात नको होता. खड्ड्यातून पलीकडं, कागदाच्या कडेपर्यंत, कडेवरून खाली टेबलाच्या लाकडावर.

"संपली?"

"कागद संपला," मी म्हणाले.

"तिथपर्यंतच आलाय, अप्पा," मुलगी म्हणाली. "पुढं अजून खूप आहे. ते अजून टिपलेलं नाही."

"बरं," हे म्हणाले. पण बोट मागं घेतलं नाही. लाकडावर टेकवून तसेच बसून राहिले, कुणीतरी पुढं नेईल म्हणून. आणि मला पुढचं काही माहीत नव्हतं.